व्यक्तिकेंद्रित समुपदेशकांकडे जाताना काय अपेक्षा ठेवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीत गेले काही महिने मन उदास आहे, म्हणून तुम्ही एका समुपदेशकांकडे जाऊ लागलात. त्या व्यक्तिकेंद्रित पद्धतीने काम करतात. दोन भेटी झाल्या, त्यांनी अतिशय लक्ष देऊन ऐकले, परंतु नोकरी सोडावी की टिकवावी याविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही. ‘मग मी पैसे नेमके कशाचे देते आहे, आणि अजून किती दिवस थांबून पाहू?’ असे तुम्ही विचारले आहे. हा प्रश्न रास्त आहे. याच पद्धतीने अनेक वर्षे काम करणारी समुपदेशक म्हणून मी त्याचे उत्तर देते आहे, आणि तुमच्यासारख्या पुष्कळांना पहिल्या एकदोन भेटींनंतर हीच शंका येते, हेही सांगते.

सुरुवातीलाच स्पष्ट करते की नोकरीचा निर्णय तुम्हाला त्या खोलीत कोणी देणार नाही, आणि दिला तर त्या समुपदेशक आपल्या पद्धतीपासून दूर गेल्या असे मी म्हणेन. तिथे मिळते ते एक विशिष्ट प्रकारचे नाते. त्या नात्यात समोरची व्यक्ती तुमचे म्हणणे तुमच्या बाजूने, बारकाईने समजून घेते, त्याबद्दल तुमची किंमत कमीजास्त करत नाही, आणि स्वतः मुखवटा घालून बसत नाही. अशा सहवासात माणसाला स्वतःचे खरे म्हणणे हळूहळू ऐकू येऊ लागते आणि निर्णय घेण्याची त्याची स्वतःची ताकद परत येते, हा या पद्धतीचा पाया आहे. वाचताना हे मोघम वाटेल, म्हणून ते प्रत्यक्षात कसे घडते ते जरा विस्ताराने सांगते.

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी घडवली. रॉजर्स सल्ला न देण्याच्या भूमिकेपर्यंत एखादे तत्त्वज्ञान वाचून पोहोचले नव्हते. १९२८ पासून ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मुलांच्या समस्यांवर काम करत होते. तिथला एक अनुभव त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. एक हुशार आई आपल्या अत्यंत हूड मुलासाठी त्यांच्याकडे येत असे. तिने मुलाला लहानपणी नाकारले, हेच मूळ कारण आहे असे रॉजर्स यांना स्पष्ट दिसत होते, आणि अनेक भेटींमध्ये त्यांनी ते तिला हळुवारपणे पटवून देण्याचा प्रयत्न केला. काहीच साधले नाही. शेवटी त्यांनी आपला पराभव मान्य केला, दोघांनी भेटी थांबवायचे ठरवले आणि ती निघाली. दारापाशी जाऊन ती वळली आणि तिने विचारले, ‘तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशनासाठी घेता का?’ ते हो म्हणताच ती परत येऊन बसली आणि आपल्या वैवाहिक आयुष्याची, हताशेची, अपयशाच्या भावनेची हकिगत सांगू लागली. आधीच्या सगळ्या भेटींत तिने दिलेल्या कोरड्या माहितीपेक्षा हे बोलणे अगदी वेगळे होते. खरी मदत तिथून सुरू झाली, आणि पुढे मुलाचे वागणेही सुधारले. कुठे दुखते आहे, कोणत्या दिशेने जायला हवे, कोणते अनुभव खोल गाडले गेले आहेत, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते, हा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी समुपदेशनाच्या एका संपूर्ण प्रकरणातील ध्वनिमुद्रित भेटींचा शब्दशः वृत्तान्त छापला. तोवर बंद दाराआड राहिलेले हे काम त्यांनी तपासणीसाठी खुले केले, आणि याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही असे मला वाटते.

महाराष्ट्रातील वाचकांना मनाच्या उपचारांची ओळख बहुतेक वेळा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीमुळे झालेली असते. किशोर फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली, आणि शिबिरे, व्याख्याने, लेख यांमधून ती घरोघरी पोहोचली. त्या पद्धतीत उपचारक तुमच्या विचारांमधला ‘असे व्हायलाच हवे’ हा हट्ट शोधतो, त्याच्याशी वाद घालतो, गृहपाठ देतो. ती शिकवण्याची पद्धत आहे आणि तिचा उपयोग मी स्वतः पाहिला आहे. परंतु ती अपेक्षा मनात धरून तुम्ही व्यक्तिकेंद्रित समुपदेशकांसमोर बसलात, तर समोरची व्यक्ती काहीच करत नाही असे वाटणे साहजिक आहे. १९६० च्या दशकात एलिस, रॉजर्स आणि गेस्टाल्ट या आणखी एका उपचारपद्धतीचे प्रवर्तक फ्रिट्झ पर्ल्स या तिघांनी एकाच स्त्रीशी कॅमेऱ्यासमोर स्वतंत्रपणे संवाद केला होता. आपल्या लहान मुलीशी आपण खोटे बोललो याची टोचणी तिला लागलेली होती, आणि ‘मी काय करू ते सांगा’ असे ती रॉजर्स यांना पुन्हा पुन्हा विनवत होती. त्यांनी उत्तर दिले नाही. हा प्रश्नही टाळला नाही. उत्तर मिळावे ही तिची इच्छा आपल्याला कळते, पण हे उत्तर आपण तिच्यासाठी देऊ शकत नाही, हे त्यांनी तिला सरळ सांगितले आणि ते तिच्याबरोबर त्या अडचणीत थांबले. तुमच्या समुपदेशक गप्प राहिल्या असतील आणि त्यामागचे कारण त्यांनी सांगितले नसेल, तर तिथे थोडी उणीव राहिली आहे, असे मी म्हणेन.

रॉजर्स यांच्या लहानपणी त्यांच्या घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी बटाटे साठवलेले असत. वर एक छोटी खिडकी होती. माती नाही, पाणी नाही, तरी त्या बटाट्यांना फिकट पांढरे कोंब फुटत आणि ते त्या खिडकीच्या दिशेने दोनतीन फूट वाढत जात. ते कधी झाड होणार नव्हते, तरीही त्यांची धडपड थांबत नसे. आयुष्याने वेडीवाकडी केलेली माणसे पाहताना आपल्याला हे कोंब आठवतात, असे रॉजर्स यांनी म्हटले आहे. माणसाचे विचित्र, चुकीचे, स्वतःलाच त्रास देणारे वागणे हीसुद्धा मिळालेल्या परिस्थितीत जगण्याची आणि वाढण्याची धडपड असते, या दृष्टीने तुमच्या समुपदेशक तुमच्याकडे पाहत असतील.

मग अडते कुठे? लहान मुलाला प्रेम हवेच असते, आणि ते बहुतेक घरांत काही अटींवर मिळते. ‘शहाणी मुलगी उलट बोलत नाही’, ‘मुलगा असून रडतोस?’, ‘आम्ही तुझ्यासाठी एवढ्या खस्ता खाल्ल्या’, ‘लोक काय म्हणतील’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकलेली आहेत, आणि बोलणाऱ्यांच्या मनात सहसा मायाच होती. पण मूल त्यातून एक गोष्ट पक्की शिकते की राग आला, हेवा वाटला, कंटाळा आला, तर आपण प्रेमाला पात्र राहत नाही. त्या भावना नाहीशा होत नाहीत, त्या स्वतःपासून लपवल्या जातात. पुढे चाळिशीतली एखादी स्त्री मनापासून म्हणते की मला राग येतच नाही, मला फक्त झोप लागत नाही. स्वतःबद्दलची ठरलेली प्रतिमा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्यात जितके अंतर पडते, तितकी अस्वस्थता वाढते. ‘नोकरी सोडू का?’ यासारखा प्रश्न महिनोन्‌महिने सुटत नाही, तेव्हा माहितीची किंवा अकलेची कमतरता क्वचितच असते. आतला कौल ऐकायचा कसा हेच विसरायला झालेले असते. अशा वेळी आणखी एका बाहेरच्या आवाजाने निर्णय दिला, तर आईवडील, सासर, वरिष्ठ यांच्या रांगेत समुपदेशकही जाऊन बसतात.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. भेट साधारणपणे ५० मिनिटांची आणि बहुधा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी असते. शुल्क, रद्द केलेल्या भेटीचे नियम आणि दोन भेटींच्या मध्ये फोन किंवा संदेश करता येईल का, हे सुरुवातीलाच ठरायला हवे. नोंदी ठेवल्या जातात का आणि त्या कोण पाहू शकते, हेही विचारून घ्यावे. या पद्धतीत सहसा चाचण्या नसतात, तुमच्या आजाराला नाव दिले जात नाही, आणि प्रश्नावली घेऊन बालपणापासून इतिहास विचारला जात नाही. ‘कुठून सुरुवात करावीशी वाटते?’ एवढाच प्रश्न येईल. त्या मोकळ्या जागेने काही जण सुरुवातीला गोंधळतात. ‘कुठून सुरू करू तेच कळत नाही’ हीसुद्धा चांगली सुरुवात आहे.

गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगितल्या गेल्या पाहिजेत. तुम्ही सांगितलेले पतीला, आईला, कार्यालयाला कळवले जाणार नाही, त्यांनी फोन करून विचारले तरीही नाही. आपल्याकडे असे फोन येतात, आणि ‘मी तिचा नवरा आहे, मला कळायला नको का?’ असे हक्काने विचारले जाते. तरी उत्तर बदलत नाही. परंतु तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाने आदेश दिला असेल, तर ही गोपनीयता मर्यादित होते. अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ऑनलाइन भेटी घेत असाल तर आपल्या बाजूची खासगी जागा आपणच शोधावी लागते. दोन खोल्यांच्या घरात ते सोपे नसते, आणि अनेक जण इमारतीखाली लावलेल्या गाडीत बसून बोलतात. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

भेटीत समुपदेशक काय करतात ते एका काल्पनिक संवादावरून दाखवते. तो कोणा एका व्यक्तीचा नाही, पण अशी बोलणी मी पुष्कळदा ऐकली आहेत.

‘सासूबाईंचे सगळे मीच बघते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त रविवारी सकाळी नणंदेचा फोन आला की मला उठून बसावेसेच वाटत नाही.’

‘करण्याबद्दल तक्रार नाही. पण तो फोन वाजला की अंगातले त्राणच जाते.’

‘त्राण जाते असे नाही…’ मग बराच वेळ शांतता. ‘ती विचारते, आईला वेळेवर जेवायला देतेस ना? दर रविवारी. मला संताप येतो. असे मी कधी बोलले नव्हते.’

समुपदेशकांनी इथे काय केले, ते पाहा. त्यांनी ऐकलेले आपल्या शब्दांत मांडले, आणि ते पूर्ण बरोबर नव्हते. त्या बाईंनी ते आपल्या आतल्या अनुभवाशी ताडून पाहिले, नाकारले, आणि ताडून पाहताना त्यांना स्वतःचा नेमका शब्द सापडला. या पद्धतीवर ‘क्लायंटचे वाक्य त्यालाच परत ऐकवतात’ अशी टीका होते. रॉजर्स यांनी १९८६ मधील एका लेखात यावर स्पष्ट लिहिले आहे. भावनांचे प्रतिबिंब दाखवणे हा आपला हेतूच नसतो, क्लायंटचे आतले जग आपल्याला बरोबर समजले आहे का याची आपण खात्री करून घेत असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे समुपदेशकांचे एखादे वाक्य तुम्हाला बरोबर वाटले नाही, तर मान डोलावून पुढे जाऊ नका. ‘तसे नाही’ म्हणा. मोठ्यांना दुरुस्त करू नये या संस्कारामुळे आपल्याला हे जड जाते, पण कामाचा मोठा भाग नेमका त्या दुरुस्तीत असतो.

१९५७ मध्ये रॉजर्स यांनी एका निबंधात बदल घडण्यासाठी आवश्यक अशा सहा अटी मांडल्या. दोन व्यक्तींमध्ये मानसिक संपर्क असावा, क्लायंट आत कुठेतरी विसंगतीत आणि अस्वस्थ असावा, समुपदेशक त्या नात्यात खरा असावा, त्याने क्लायंटचा विनाअट स्वीकार करावा, त्याला क्लायंटचे जग आतून समजावे, या पहिल्या पाच. पुस्तकांत खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समज या समुपदेशकाच्या तीन गुणांचीच चर्चा होते. मला मात्र सहावी अट सर्वांत महत्त्वाची वाटते. समुपदेशकाचा स्वीकार आणि त्याची समज क्लायंटपर्यंत थोड्या तरी प्रमाणात पोहोचली पाहिजे, अशी ती अट आहे. समुपदेशकाचे मन कितीही चांगले असो, समोरच्याला ते जाणवले नाही तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे हे काम होते आहे की नाही, याबद्दल तुमचे मत हा या पद्धतीतला मुख्य पुरावा आहे.

त्या गुणांविषयी गैरसमजही फार आहेत. स्वीकार म्हणजे शाबासकी नाही. ‘तुमचे बरोबरच आहे’ असे सतत म्हणणारा समुपदेशक तुम्हाला नकळत एका नव्या अटीत बांधतो, कारण उद्या त्याला न आवडणारे काही सांगायचे असेल तेव्हा तुम्ही कचराल. मुलावर हात उगारलेला बाप समोर बसून ते सांगतो, तेव्हा त्या कृतीला संमती देण्याचा प्रश्नच नसतो. पण त्याच्या लाजेसह, रागासह तो माणूस म्हणून तिथे बसू शकला पाहिजे, नाहीतर हात पुन्हा का उठतो ते त्याला कधी पाहताच येणार नाही. खरेपणाचेही तसेच आहे. समुपदेशकाने आपल्या घरच्या कहाण्या सांगाव्यात असा त्याचा अर्थ नाही. ‘तुम्ही हसत सांगत आहात, पण ऐकताना मला वाईट वाटते आहे’ किंवा ‘मी इथे जरा गोंधळले, पुन्हा सांगाल का?’ एवढे प्रामाणिक बोलणे त्यात अपेक्षित असते.

सल्ल्याकडे परत येते. ‘मॅडम, तुम्हीच सांगा’ ही विनंती आपल्याकडे स्वाभाविक आहे, कारण वडीलधाऱ्यांनी मार्ग दाखवावा अशी आपली रीत आहे. या विनंतीला समुपदेशकांनी तत्त्वाचा बडगा दाखवणे मला मुळीच मान्य नाही. निर्णयाची जबाबदारी क्लायंटकडे ठेवणे आणि माहिती अडवून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळचे मानसोपचारतज्ज्ञ कोण, राजीनाम्याची मुदत किती हे कुठे विचारावे, घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यांकडे कसे जावे, हे विचारल्यावर सरळ उत्तर मिळाले पाहिजे. मारहाणीच्या प्रसंगी तर आधी सुरक्षितता, मग बाकीचे. मात्र ‘सोडू का?’ या प्रश्नावर चांगल्या समुपदेशक तुमच्याबरोबर सोडण्याच्या कल्पनेत जातील, न सोडण्याच्या कल्पनेत जातील, आणि दोन्ही ठिकाणी तुमच्या आत काय काय होते ते पाहायला तुम्हाला सोबत करतील.

प्रगती कशी ओळखावी, हे लोक विचारतात आणि समुपदेशक अनेकदा संदिग्ध बोलतात. तसे करण्याचे कारण नाही. रॉजर्स यांनी ध्वनिमुद्रणे ऐकून बदलाच्या सात टप्प्यांचे वर्णन केले होते, आणि त्याचा गाभा साध्या निरीक्षणांनी पडताळता येतो. सुरुवातीला बोलणे बाहेरच्यांबद्दल असते, म्हणजे साहेब असे, नवरा तसा. भावना असल्या तरी त्या जुन्या असतात किंवा ‘माणसाला वाईट वाटतेच ना’ अशा परक्या रूपात येतात. पुढे ‘मला’ हा शब्द येऊ लागतो, भावना आत्ता, या खोलीत जाणवू लागतात, ‘मी नेहमीच अशी’ या ठाम वाक्याच्या जागी ‘कधी कधी मी अशी असते’ असे म्हटले जाते, आणि परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे सहन होऊ लागते. काही भेटींनंतर तुमच्या बोलण्यात यातले काही दिसते का, ते पाहा. भेटीबाहेरही पाहा. एखाद्या गोष्टीला नाही म्हणणे पूर्वीपेक्षा थोडे कमी अवघड गेले का? झोप, भूक, चिडचिड यांत काही फरक पडला का?

इथे एक पूर्वकल्पना द्यायला हवी. मधल्या काळात तुम्हाला आधीपेक्षा वाईट वाटू शकते. लपवलेला राग वर आला की त्याच्याबरोबर अपराधीपणही येते. घरच्यांनाही बदल जाणवतो आणि तो त्यांना आवडेलच असे नाही. आजवर सगळे निमूट करणारी सून ‘या रविवारी मी बाहेर जाणार आहे’ म्हणाली की ‘त्या बाईकडे जायला लागल्यापासून बिघडली’ हे वाक्य ऐकावे लागते. असे काही घडले तर ते भेटीत आणा. आपल्या समाजात माणूस नात्यांच्या दाट विणीत जगतो, आणि ‘स्वतःचे ऐका’ असे सांगून त्याला एकटे सोडणाऱ्या समुपदेशकांना व्यक्तिकेंद्रित म्हणजे काय तेच नीट कळलेले नाही, असे माझे मत आहे. अनेकांच्या आतल्या आवाजात नात्यांची ओढ असतेच, आणि तीही तितकीच त्यांची स्वतःची असते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. रॉजर्स यांनी १९५७ नंतर विस्कॉन्सिन येथे रुग्णालयातील स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर मोठा प्रकल्प केला, पण त्यातून अपेक्षेइतके यश हाती आले नाही. भास, टोकाचा उन्माद, अंथरुणातून उठता न येण्याइतके नैराश्य, दारू सोडताना होणारा शारीरिक त्रास या अवस्थांत मानसोपचारतज्ज्ञांकडे आधी जावे. समुपदेशन त्याच्या जोडीने चालू शकते, आणि औषध घेतल्याने ते निष्फळ होत नाही. मंत्रचळासारख्या विकारात, ज्यात हात पुन्हा पुन्हा धुणे, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणे असे चालते, त्यासाठी खास विकसित केलेले वर्तनोपचार अधिक योग्य ठरतात. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

नैराश्याबाबत मात्र या पद्धतीला चांगला आधार आहे. इंग्लंडमध्ये ५१० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मध्यम आणि तीव्र नैराश्यासाठी व्यक्तिकेंद्रित पद्धतीवर आधारलेले समुपदेशन सहा महिन्यांनंतर बोधात्मक वर्तनोपचारापेक्षा, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारापेक्षा (सीबीटी), कमी पडले नाही. बारा महिन्यांनंतर मात्र बोधात्मक वर्तनोपचाराचा परिणाम काहीसा सरस दिसला. रॉजर्स यांच्या सहा अटी आवश्यक आहेत हे मी मनापासून मानते, पण त्या प्रत्येक वेळी पुरेशा असतात हा त्यांचा दावा मी तितक्या ठामपणे करणार नाही.

तुमच्या समुपदेशकांचे शिक्षण विचारायला संकोचू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक ही पाटी मात्र आपल्याकडे थोड्या दिवसांचा वर्ग करूनही लावलेली दिसते. म्हणून पदवी कोणती, या पद्धतीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण किती काळ घेतले, आपल्या कामाची चर्चा कोणा ज्येष्ठ व्यक्तीशी नियमित होते का, स्वतः कधी क्लायंट म्हणून बसल्या आहेत का, हे चार प्रश्न विचारावेत. चांगल्या समुपदेशकांना त्यांचा राग येत नाही. नुसते ‘हं, हं’ करणे, तुमची वाक्ये पोपटासारखी परत म्हणणे, पत्रिका किंवा व्रत सुचवणे, तुमच्यातर्फे नवऱ्याला सुनावणे, अशा गोष्टी दिसल्या तर त्याला व्यक्तिकेंद्रित काम म्हणता येणार नाही.

आता तुमच्या तिसऱ्या भेटीविषयी. जे मला विचारले, तेच तुमच्या समुपदेशकांना त्याच शब्दांत विचारा: ‘दोन भेटी झाल्या, मला बरे वाटले, पण मी पैसे कशाचे देते आहे ते कळत नाही, आणि तुम्ही काही सांगत नाही याचा मला थोडा राग आला आहे.’ मग त्यांचे उत्तर नीट ऐका. त्या दुखावल्या, बचाव करू लागल्या किंवा ‘तुम्हाला असे का वाटते?’ एवढेच म्हणून थांबल्या, तर ती काळजीची बाब आहे. तुमची निराशा त्यांनी नीट समजून घेतली आणि आपण कसे व का काम करतो ते साध्या भाषेत सांगितले, तर पुढे जाण्यासारखे काही आहे. दुसऱ्याच्या अपेक्षा सांभाळत आलेल्या माणसाने समोरच्या अधिकारी व्यक्तीला स्वतःची नाराजी तोंडावर सांगणे आणि तरीही नाते न तुटणे, हा अनुभव कदाचित तुम्हाला प्रथमच मिळेल, आणि नोकरीच्या प्रश्नाशी त्याचा तुम्हाला आत्ता वाटतो त्यापेक्षा जवळचा संबंध असू शकेल.

त्यानंतर सहा ते आठ भेटी द्याव्यात आणि मग दोघींनी मिळून आढावा घ्यावा, असे मी सुचवते. काहींचे काम तेवढ्यात होते, काहींना वर्षभर लागते, आणि कधी थांबायचे हे ठरवण्यात तुमचा शब्द मोठा असतो. आढाव्यानंतरही समजून घेतल्यासारखे वाटत नसेल, तर तसे सांगून दुसऱ्या समुपदेशकांचे किंवा दुसऱ्या पद्धतीचे नाव त्यांच्याकडूनच मागून घ्या. ते देणे हे त्यांच्या कामात येते. आणि समाधानाने थांबत असाल, तर फोनवर कळवून एकदम बंद करू नका. पंधरा दिवसांच्या अंतराने एकदोन भेटी ठेवा, शेवटची भेट शेवटची आहे हे दोघींना माहीत असू द्या, आणि पुढे गरज पडली तर परत येता येईल का, हे त्याच भेटीत विचारून ठेवा.